सरकारचं बिल (लेखांक ६) : माणसं घटली, खर्च का घटत नाही?

बंगळुरूतल्या सर्जापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत सकाळी झाडू मारणारी पौरकार्मिक बाई आणि कचऱ्याच्या ऑटो-टिप्परचा ड्रायव्हर समोरासमोर येतात. १ मे २०२५ रोजी बंगळुरू महापालिकेच्या १२,६९२ पौरकार्मिकांना कायम नेमणुकीची पत्रं मिळाली. टिप्परवाले बहुतेक ठेकेदाराकडेच राहिले. तिचा पगार आस्थापना खर्चात दिसतो, त्याचा ठेकेदाराच्या बिलात विरतो. ‘सरकारी नोकर किती?’ या प्रश्नाचं कुठलंही उत्तर म्हणूनच थोडं जपून ऐकावं.

कागदावर कर्नाटक सरकारची मंजूर पदं सुमारे पावणेआठ लाख. त्यातली अडीच लाखांहून अधिक रिकामी, म्हणजे तीन खुर्च्यांमागे एक. (याच रस्त्यावर मुख्यालय असलेल्या विप्रोची जगभरची नोकरदार मंडळी दोन लाखांवर आहेत. राज्य सरकारचा पसारा आपण मनात धरतो तेवढा अवाढव्य नाही.) तरी खर्च चढतोच. के. सुधाकर राव यांच्या सातव्या राज्य वेतन आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्ट २०२४पासून लागू झाल्या, किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० रुपयांवर गेलं आणि तिजोरीवर वर्षाला २०,२०८ कोटींचा जादा बोजा आला. त्या वर्षीचा अर्थसंकल्प ३.७१ लाख कोटींचा. पूर्ण वर्षाचा हिशेब धरला, तर रुपयातले साडेपाच पैसे या एका वाढीतच जातात.

पगार वाढवायचे आणि जागा रिकाम्या ठेवायच्या, ही खोड दिल्लीची, आणि जुनी. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने १९९७मध्ये दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या : पगार वाढवा आणि दहा वर्षांत ३० टक्के माणसं कमी करा. पगार वाढले. कपातीचं धाडस कुणी केलं नाही. कोणत्या खात्यातली कोणती पदं नकोत हे ठरवायचं म्हणजे खात्याखात्यांत भांडण. मग २००१मध्ये सोपी वाट निघाली : थेट भरतीच्या रिकाम्या जागांपैकी साधारण एक तृतीयांशच भरायच्या. काम नको झालं म्हणून पद जाणं वेगळं, माणूस निवृत्त झाला म्हणून जाणं वेगळं. २०१४च्या सुरुवातीला केंद्राची मुलकी पदं जवळपास ३९ लाख मंजूर होती, भरलेली ३३ लाख. कुठल्या टेबलावर माणूस नसेल हे निवृत्तीच्या तारखांनी ठरवलं.

काम मात्र निवृत्त होत नाही. २००७मध्ये ११० गावं बंगळुरू महापालिकेत आली, त्यांत या रस्त्यालगतचीही होती. त्या गावांसाठीची कावेरी पाण्याची पाचव्या टप्प्याची योजना सुरू झाली ऑक्टोबर २०२४मध्ये. मधली सतरा वर्षं इथल्या सोसायट्यांनी बोअरवेल आणि टँकरवर काढली. मोठ्या संकुलांना कचऱ्याचीही सोय स्वतःच करावी लागते. एजन्सी नेमायची, पैसे मेंटेनन्समधून भरायचे. पुण्याहून इथे आलेलं कुटुंब आधी मालमत्ता कर भरतं, मग हा दुसरा कर. दुसऱ्याची नोंद कुठल्याच अर्थसंकल्पात नसते. ‘सरकार केवढं असावं’ असा वाद घालताना हा आकडा धरला, तर लहान सरकार स्वस्त पडतं हे म्हणणं या रस्त्यावर तरी टिकत नाही.

आता न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग बसला आहे. पगाराचा आकडा तो सांगेलच. त्याहून अवघड खातं पेन्शनचं; २००५नंतर लागलेल्यांनाही जुनी पेन्शन मिळावी म्हणून महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३मध्ये संप केला होता. ते पुढच्या आठवड्यात.