दार का कुरकुरते? वारा का शीळ घालतो?

तिन्हीसांजेला भाजीच्या जाळ्या, फुलांच्या करंड्या किंवा आंब्याच्या पेट्या भरून शहराच्या बाजाराकडे निघणारी पिकअप गाडी तुम्ही पाहिली असेल. पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन, मागे उघडा हौदा आणि त्यावर दोरांनी आवळलेली ताडपत्री. या गाडीचा चालक रात्रीचे कित्येक तास त्या केबिनमध्ये काढतो. गाडी काही वर्षे वापरली गेली की त्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. कच्च्या रस्त्यावर दार ‘कुर्र कुर्र’ करते आणि हमरस्त्यावर वेग वाढला की दाराच्या वरच्या कोपऱ्यातून वारा शीळ घालू लागतो. गाडी गॅरेजात नेऊन उभी केली की दोन्ही आवाज नाहीसे! मग मेकॅनिक म्हणतो, “गाडी जुनी झाली, चालायचेच.”

परंतु ‘चालायचेच’ हे काही उत्तर नव्हे. आवाज होतो म्हणजे काहीतरी कंप पावते, आणि कंप पावते म्हणजे त्याला कोठून तरी ऊर्जा मिळते. ही ऊर्जा कोठून येते हे कळले की दुरुस्ती कोठे करायची तेही कळते.

आधी आवाज ओळखा

दाराच्या चौकटीभोवती रबराची एक पोकळ पट्टी बसवलेली असते. गॅरेजात तिला ‘बीडिंग’ किंवा नुसतेच ‘रबर’ म्हणतात. दार लावले की ही पट्टी दाबली जाते आणि दार व चौकट यांतील फट बुजवते. आपल्या दोन्ही तक्रारींचा या पट्टीशी बहुधा संबंध असतो. पण त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : आवाज खड्ड्यांवर वाढतो की वेगाबरोबर वाढतो? खड्ड्यांवर वाढत असेल तर तो घर्षणाचा आहे. गुळगुळीत रस्त्यावरही केवळ वेगाने वाढत असेल तर तो वाऱ्याचा आहे. दुसरा प्रश्न : समोरून किंवा बाजूने जोराचा वारा आला की आवाज बदलतो का? बदलत असेल तर तो नक्कीच वाऱ्याचा. तिसरा प्रश्न : उभ्या गाडीत लावलेले दार हाताने आत-बाहेर ढकलले तर कुरकुर ऐकू येते का? येत असेल तर अर्धे काम झालेच.

कुरकुरीचे मूळ : अडकणे आणि सुटणे

टेबलावरचे जड खोके ढकलून पहा. ते हलवायला सुरुवातीला जास्त जोर लागतो. एकदा सरकू लागले की कमी जोर पुरतो. म्हणजेच स्थितिक घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा जास्त असते. याच फरकातून कुरकुर जन्मते.

गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा तिचा सांगाडा किंचित पिळवटतो आणि दार चौकटीत अगदी थोडेसे सरकते. रबराची पट्टी रंगाच्या गुळगुळीत पत्र्याला चिकटून असते. दार सरकू लागले तरी रबर आपली जागा सोडत नाही. ते ताणले जाते. ताण स्थितिक घर्षणाहून जास्त झाला की रबर एकदम सुटते, झटक्याने पुढे जाते आणि पुन्हा चिकटते. हे अडकणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडले की आपल्या कानाला ‘कुर्र’ ऐकू येते. सारंगीची तार याच तत्त्वावर वाजते. गजाला राळ लावतात ती तार गजाला चिकटावी आणि सुटावी म्हणूनच! फरक एवढाच की सारंगीत हे आपल्याला हवे असते आणि दारात नको असते.

मग उपाय काय? बैलगाडीचे चाक कुरकुरले की आपण वंगण घालतो. त्याच सवयीने पुष्कळजण दाराच्या रबरालाही इंजिनचे तेल किंवा ग्रीस फासतात. दोन दिवस आवाज बंद होतो. परंतु हा उपाय रबराच्या जिवावर बेतणारा आहे. त्याचे कारण रबराच्या रचनेत आहे.

रबराचे रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लांबच लांब साखळ्या. इ. स. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्लस गुडइयर याला गंधकाबरोबर रबर तापवण्याची युक्ती सापडली. त्यामुळे या साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडल्या जातात आणि रबर ताणल्यावर पुन्हा मूळ आकारात येते. आज दारांच्या पट्ट्यांसाठी बहुतेक ठिकाणी ‘ईपीडीएम’ नावाचे कृत्रिम रबर वापरतात. ऊन, पाऊस आणि हवेतील ओझोन यांना ते चांगले तोंड देते. पण त्याचाही एक शत्रू आहे : खनिज तेल. खनिज तेलाचे रेणू या रबराच्या साखळ्यांसारख्याच जातीचे, म्हणजे हायड्रोजन व कार्बन यांचे बनलेले असतात. ते साखळ्यांच्या जाळीत सहज शिरतात. रबर फुगते, मऊ पडते आणि आकार सोडते.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा : लोखंडाला ग्रीस, रबराला सिलिकॉन. बिजागऱ्या आणि कुलपाचा आकडा लोखंडी; तेथे ग्रीस योग्यच. रबराची पट्टी मात्र आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण तिच्यात अडकलेली धूळही कुरकुरते. पूर्ण वाळल्यावर फडक्याने सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. सिलिकॉनचा रेणू निराळ्या घडणीचा असल्याने तो या रबराला फुगवत नाही. काचेवर किंवा पायाखालच्या पट्ट्यांवर (ब्रेक, क्लच) मात्र तो लागू देऊ नका. काच धूसर होते आणि पाय घसरतो.

उभ्या गाडीत दोष का दिसत नाही?

आता वाऱ्याच्या शिळेकडे वळू. ती गॅरेजात ऐकू येत नाही हे उघडच आहे. कारण तेथे वारा नसतो. पण नवल असे की फटही दिसत नाही! पट्टी नीट बसलेली, दार घट्ट लागलेले. मग हमरस्त्यावर फट येते कोठून?

गाडी पुढे जाते तेव्हा समोरच्या काचेवर आदळलेली हवा काचेच्या दोन्ही कडांवरून वळून बाजूच्या खिडक्यांवर येते. वळताना तिचा वेग वाढतो. डॅनियल बर्नोली याने १७३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले तत्त्व तुम्हाला माहीत असेल : प्रवाहाचा वेग वाढतो तेथे दाब घटतो. केबिनच्या आत मात्र हवा जवळजवळ स्थिर असते. म्हणजे दाराच्या आत जास्त दाब आणि बाहेर कमी दाब. दाराची वरची चौकट बाहेरच्या बाजूस ओढली जाते.

ही ओढ किती असेल? अंदाज करू. दाबातील फरक साधारणपणे ½ρv² एवढ्या मापाचा असतो. येथे ρ म्हणजे हवेची घनता, घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम. गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. गुणाकार करा : उत्तर येते सुमारे ३०० पास्कल. खिडकी व तिची चौकट यांचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले तर बल होते १५० न्यूटन. जणू कोणी १५ किलोग्रॅमचे वजन लावून दाराची वरची कड बाहेर ओढत आहे! वेग निम्मा केला, तर बल एक चतुर्थांश होते. म्हणून ताशी ४० किलोमीटरला जी पट्टी फट बुजवू शकते, ती ८० ला हार खाते. नवी पट्टी फुगून ही फट भरून काढते. वर्षानुवर्षे दाबून चपटी झालेली पट्टी फुगत नाही. दोष पट्टीत असतोच, पण तो वेग आल्यावर उघडा पडतो.

एवढीशी फट काय बिघडवते असे वाटेल. परंतु दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर बाकीचे दार कितीही जाड असले तरी बाहेरच्या ध्वनिऊर्जेचा सुमारे शंभरावा भाग आत येणारच. आणि बाहेरचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. कडा व दांड्यांवरून वाहणाऱ्या हवेची ध्वनिशक्ती वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे कर्ल या संशोधकाच्या १९५५ मधील सिद्धांतावरून निघते. वेग दुप्पट, तर ध्वनिशक्ती ६४ पट, म्हणजे १८ डेसिबेलची वाढ!

दांडी गाते, बाटली घुमते

प्रत्येक शीळ दारातूनच येते असे नाही. बारीक छडी हवेत सपकन फिरवली की ‘सुंई’ असा आवाज येतो. छडीच्या मागे हवेचे भोवरे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आळीपाळीने सुटतात. व्हिन्सेंट्स स्ट्राउहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये गोल फिरणाऱ्या चौकटीवर तारा ताणून हा आवाज मोजला. गोल दांडीसाठी त्याचा नियम सोपा आहे : कंपनसंख्या = ०.२ × वेग ÷ जाडी. ताडपत्रीवरचा १० मिलिमीटर जाडीचा ताठ दोर सेकंदाला २२ मीटरच्या वाऱ्यात ४४० कंपनांचा सूर देईल. रेडिओची ३ मिलिमीटरची एरियल १४०० हून अधिक कंपनांची बारीक शीळ घालील. एरियलवर जाड दोरा मळसूत्रासारखा गुंडाळला की भोवरे एका ठेक्यात सुटत नाहीत आणि शीळ थांबते. कारखान्यांच्या काही उंच लोखंडी धुरांड्यांवर मळसूत्री पट्ट्या असतात, त्यांचे कामही भोवऱ्यांचा हा ठेका मोडण्याचेच आहे.

एकच खिडकी थोडी उघडली की कधीकधी केबिनमध्ये ‘धप् धप्’ असे दडे बसवणारे ठोके बसतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते, तसाच हा प्रकार. हेल्महोल्ट्झने अभ्यासलेले अनुस्पंदन. केबिन ही बाटली आणि खिडकी हे तिचे तोंड. समोरच्या बाजूची खिडकी बोटभर उघडा, ठोके थांबतील.

फट शोधण्याच्या युक्त्या

१. खडूची भुकटी पट्टीवर चोळा, दार लावा आणि उघडा. जेथे पत्र्यावर भुकटी उमटली नाही, तेथे पट्टी टेकत नाही.

२. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा व ती ओढा. सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. वितीवितीच्या अंतरावर हे करा.

३. उभ्या गाडीत रेडिओ मोठ्याने लावून दारे-खिडक्या बंद करा. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरा, कानात खुपसू नका, आणि दुसरे टोक दाराच्या कडेने फिरवा. जेथे आवाज एकदम वाढतो, तेथे फट आहे.

४. एवढ्याने न सापडल्यास दाराची सारी कड बाहेरून रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीने बंद करून गाडी चालवून पाहावी. शीळ थांबली तर निम्मी चिकटपट्टी काढा. शीळ आली तर फट त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. कडेचे १६ भाग धरले, तरी अर्धे-अर्धे करत चार फेऱ्यांत नेमका भाग सापडतो. चालकाने गाडीच चालवावी. ऐकण्याचे काम शेजाऱ्याने करावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या सर्व युक्त्यांचा गाभा. तुमच्या प्रयोगशाळेतही तोच नियम आहे.

फट सापडल्यावर पट्टी निसटली असेल तर पुन्हा बसवावी. चपटी किंवा चिरलेली असेल तर बदलावी. पट्टी चांगली असून दार सैल लागत असेल, तर चौकटीवरचा कुलपाचा खुंट मेकॅनिककडून मिलिमीटरभर आत घ्यावा. त्याआधी जुन्या जागेची पेन्सिलीने खूण करावी. फार आत घेतला तर दार अर्धवट लागते आणि चालत्या गाडीत उघडण्याचा धोका असतो. दाराच्या तळाशी असलेली बारीक भोके मात्र फट समजून कधीही बुजवू नका. काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर पडते. ती बुजली तर दार आतून गंजते.

आवाज सोसता येतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कारण ज्या फटीतून आवाज येतो, तिच्यातून पाणी आणि धूळही येते. गाडीची धुराची नळी गळत असेल तर गाडीभोवतीच्या कमी-जास्त दाबामुळे कार्बन मोनॉक्साइडही केबिनमध्ये ओढला जाऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. गुंगी आणतो आणि जीवही घेतो. शिवाय रात्रभर कानाशी शीळ वाजत राहिली तर चालक लवकर थकतो. मागच्या गाडीचा भोंगा किंवा इंजिनाचा बदललेला सूर त्याला उशिरा कळतो.

करून पहा

दोन सारखी रबरबँड घ्या. ती मोजपट्टीवर न ताणता ठेवून लांबी लिहा. एक पाण्यात आणि एक घासलेटमध्ये दिवसभर ठेवा. हे शिक्षकांसमोर व ज्योतीपासून दूर करा. दुसऱ्या दिवशी दोन्हींची लांबी मोजा, मग हळूच ताणून पहा. रबरबँडचे रबर दाराच्या पट्टीहून वेगळे असले, तरी खनिज तेलापुढे त्याची गत तीच होते. आकडे वहीत नोंदवा आणि ती वही ओळखीच्या पिकअपवाल्या काकांना दाखवा. पट्टीला तेल फासायला निघालेला त्यांचा हात थांबला, तर तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे समजा.