खेळांच्या जन्मकथा – ६ : निकाल लागायला पन्नास वर्षं

धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर घसरला की रावेर-यावलच्या केळीवाल्यांची झोप उडते. बागेला रात्रीचं पाणी सोडायचं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. आपल्याकडे थंडी म्हणजे पिकावरचं संकट. आल्प्समधल्या शामोनी गावाने मात्र १९२४ साली तिचाच उत्सव मांडला. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी, १६ देश, अडीचशेच्या आसपास खेळाडू. महिला मोजक्याच, त्याही फक्त फिगर स्केटिंगपुरत्या.

याला आज आपण पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणतो. तेव्हा तसं म्हणायची सोय नव्हती. स्वीडनमध्ये १९०१ पासून नॉर्डिक खेळ भरत होते. बर्फावरचे खेळ ही आमची जहागीर, त्यात ऑलिंपिकवाल्यांची लुडबूड नको, असा उत्तरेकडच्या मंडळींचा हेका. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ अशी सोज्वळ पाटी लागली. सप्ताह बारा दिवस चालला, हे सोडा! सर्वाधिक पदकं नॉर्वेनेच नेली, विरोधाची धार बोथट झाली आणि ऑलिंपिकचा मान शामोनीला मागाहून बहाल झाला.

एक पदक तर त्याहून उशिरा पोचलं. स्कीवरून उडी मारण्याच्या स्पर्धेत नॉर्वेच्या थोरलाइफ हाउगला १८ गुण धरून कांस्यपदक दिलं गेलं, १७.९१६ गुणांचा अमेरिकेचा अँडर्स हाउगेन चौथा. वास्तविक हाउगच्या गुणांची बेरीजच चुकली होती, ती १७.८१३ हवी होती. चूक उघडकीला आली १९७४ साली. हाउग १९३४ मध्येच वारला होता. त्याच्या मुलीने ते पदक ऑस्लोत ८५ वर्षांच्या हाउगेनच्या हाती दिलं. हाउगची तीन सुवर्णपदकं घरात होतीच, पण वडिलांचं पदक स्वतःहून परत करायला मन लागतं.

भारत या मेळ्यात आला १९६४ साली, इन्सब्रुकला, जेरेमी बुयाकोव्स्की या एकट्या स्कीपटूच्या रूपाने. त्या वर्षी तिथे बर्फानेच दगा दिला. ऑस्ट्रियाच्या लष्कराने डोंगरावरून बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला.

पुढे हिमाचलचा शिवा केशवन १९९८ ते २०१८ अशा सहा ऑलिंपिकांत ल्यूज या घसरगाडीवर उतरला. २०१४ च्या सोची स्पर्धेवेळी भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा घोळ, भुर्दंड खेळाडूंना. संचलनात तिघे भारतीय ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं, तेव्हा केशवनची शर्यत होऊन गेली होती. हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल मात्र भारताच्या नावाने उतरले.

(पुढील भागात : उन्हाळी आणि हिवाळी ऑलिंपिक एकाच वर्षी भरत असत, १९९२ नंतर त्यांची फारकत का झाली?)