स्क्रीन लॉकच बंद पडला तर?

खर्ड्यासारख्या गावात ई-सेवा केंद्रातल्या एकाच कॉम्प्युटरवर अनेकांचे सातबारे, दाखले हाताळले जातात. ऑपरेटर चहाला उठला की या कागदांची राखण करतो तो स्क्रीन लॉक. पण हा लॉकच बंद पडला तर?

जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटबाबत अशीच तक्रार आली. लहान मुलांनी कीबोर्ड बडवला आणि पासवर्डशिवाय डेस्कटॉप उघडला!

असं का झालं?

लिनक्सच्या जुन्या 'एक्स११' पद्धतीत लॉक म्हणजे बाकी सगळं झाकणारी आणखी एक विंडो. ऑनस्क्रीन कीबोर्डवरचं एक अक्षर दाबताच लॉकचा प्रोग्रॅम क्रॅश झाला. पडदा पडला, मागचं सगळं उघडं!

मग उपाय काय?

१७९५ च्या लढाईत निजामाने आसरा घेतला तो खर्ड्याचा किल्ला आठवा. पहारेकरी कोसळला, तरी किल्ल्याचा दरवाजा बंदच राहायला हवा. नव्या 'वेलँड' पद्धतीतला सेशन लॉकचा नियम हेच सांगतो: लॉकचा प्रोग्रॅम क्रॅश झाला तरी स्क्रीन कुलूपबंदच राहील. शिवाय हा प्रोग्रॅम जितका छोटा, तितकी बिघाडाची शक्यता कमी.

तुम्ही काय कराल? अपडेट टाळू नका. आणि विंडोज वापरत असाल, तर उठण्याआधी विंडोजचं बटण आणि 'एल' एकत्र दाबा. लावलंच नाही, तर भक्कम कुलूपही कामाचं नाही.