एक दाता, पाच मिलिमीटर

केटीएम आरसी ३९० च्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दाते आणि मागच्याला ४५. पुढचं तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. आता पुढचं काढा आणि १४ दात्यांचं बसवा. काम तासाभराचं, खर्च काहीशे रुपयांचा. पार्किंगमध्ये उभी केली तर शेजाऱ्याला काडीचाही फरक दिसणार नाही. पण क्लच सोडला की चालवणाऱ्याला लगेच कळतं, ही कालची गाडी नाही. तीनाचं गुणोत्तर ३.२१ झालेलं असतं, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकावर येणारा जोर ७ टक्क्यांनी वाढलेला. फुकट अर्थातच नाही. ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घ्यायचं, तिथे आता ६,४०० च्या वर घेतं. घाटात मजा येते, हायवेवर मात्र इंजिन सारखं कण्हत राहतं आणि अ‍ॅव्हरेज उतरतं. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या फिरण्यावरून मोजला जातो, त्यांचा स्पीडोमीटर तर चक्क थापा मारायला लागतो.

खरी गंमत यापुढे आहे. या गाडीच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १५.८७५ मिलिमीटर. पुढचा एक दाता गेला की चेन सैल पडते आणि ती ताणण्यासाठी मागचं चाक साधारण ४ मिलिमीटर मागे सरकवावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर तेवढं वाढलं, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी कणभर ठाम झाली आणि वळायला कणभर आळशी. गेलो होतो पिकअप वाढवायला, आणि वळणाच्या स्वभावालाही हात लागला.

गाडी आपल्या आवडीची करून घ्यायची म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर स्टिकर, रंगीत लिव्हर आणि दणदणीत सायलेन्सर येतो. स्टिकरशी माझं भांडण नाही, रंग ज्याचा त्याचा. पण स्पोर्ट बाइक हे असं यंत्र आहे की त्यात एकटी अशी कुठलीच गोष्ट नसते, आणि तिचा स्वभाव पालटणारे बदल बहुतेक वेळा फोटोत दिसतच नाहीत.

याचं सगळ्यात अजब उदाहरण पुढच्या चाकापाशी आहे. हँडल ज्या नळीत फिरतं, ती नळी उभी नसते. स्पोर्ट बाइकमध्ये ती साधारण २४ अंशांनी मागे कललेली असते. तिच्या मधोमध एक रेषा कल्पून ती खाली जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. स्पोर्ट बाइकमध्ये तो १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. टायर सतत या रेषेच्या मागून ओढला जातो, म्हणून इकडेतिकडे गेलं तरी चाक आपणहून सरळ येऊ पाहतं. ट्रेल जास्त तर गाडी शांत, कमी तर चपळ, फारच कमी तर बिथरलेली.

आता रेसवाल्यांची एक जुनी खोड बघा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्या वर ज्या क्लॅम्पमध्ये आवळलेल्या असतात, ते बोल्ट सैल करायचे, नळ्या ५ मिलिमीटर वर सरकवायच्या आणि पुन्हा आवळायचे. गाडीचं नाक ५ मिलिमीटरनं खाली आलं. दोन चाकांमध्ये १,४०० मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीत यानं कोन बदलतो ०.२ अंशानं, आणि ट्रेल घटतो जेमतेम एका मिलिमीटरनं. शंभरातला एक! कागदावर हा बदल हसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण मुरलेला चालक पहिल्या दोन-तीन वळणांत सांगतो की गाडी आत लवकर पडते आहे. दीडशे-पावणेदोनशे किलोचं धूड, त्यावर बसलेला माणूस, आणि त्याच्या तळहातांना एका मिलिमीटरची खबर लागते. मला तरी यापुढे कुठलाही क्रोम फिका वाटतो.

गाडी स्वतःहून सावरते ती फक्त ट्रेलमुळे, असं मात्र समजू नका. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकी आणि डच संशोधकांनी एका चमत्कारिक सायकलचा अहवाल छापला. तिच्यात ट्रेल किंचित उलटा ठेवला होता आणि उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम मारून टाकला होता. तरीही ढकलून सोडली की ती बिनस्वाराची सावरत पुढे जायची. वजन कुठे किती ठेवलंय याचाही त्यात मोठा वाटा असतो. दीडशे वर्षांहून अधिक काळ जग दोन चाकांवर फिरतंय आणि त्याचं गणित अजून चकवतंय.

या मिलिमीटरांच्या वेडातून पुढे एक आख्खी कंपनी उभी राहिली. इटलीतल्या रिमिनीचे मास्सिमो तांबुरिनी यांचा भागीदारीत धंदा होता तो इमारतींना हीटिंग आणि एअर कंडिशनिंग बसवण्याचा. नळ्या वाकवण्यात आणि जोडण्यात हात बसलेला. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर ते होंडा सीबी ७५० घेऊन पडले आणि बरगड्या मोडून घेतल्या. त्या होंडाचं इंजिन त्या काळी अव्वल मानलं जायचं, पण सांगाडा आणि सस्पेन्शन त्या ताकदीला पुरे पडत नव्हते. माणूस बरा होता होता कामाला लागला. इंजिन तेच ठेवून त्यांनी स्वतःच्या अकलेनं नवा सांगाडा बांधला, वजन खाली आणलं. त्या गाडीचं नाव एचबी १, म्हणजे होंडा-बिमोता पहिली. बियांकी, मोर्री आणि तांबुरिनी या तीन भागीदारांच्या आडनावांची पहिली अक्षरं म्हणजे बिमोता. याच तांबुरिनींनी पुढे डुकाटी ९१६ आखली. १९९४ मध्ये ती बाजारात आली आणि सीटखालून निघणाऱ्या तिच्या दोन सायलेन्सरांची नक्कल वर्षानुवर्षं होत राहिली. सुरुवात मात्र स्वतःच्या एका गाडीला स्वतःपुरतं सुधारण्यापासून झाली होती.

आपल्याकडे सुधारण्याचं हे खूळ खऱ्या अर्थानं लागलं ते टू-स्ट्रोकच्या दिवसांत. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातली गाडी. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरासं वर. कोल्हापुरात, पुण्यात आजही जुनी आरएक्स जपणारे आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात ‘चेंबर’ हा शब्द हटकून येतो. चेंबर म्हणजे मधे फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला सायलेन्सर. पत्र्यातून वर्तुळाचे तुकडे कापायचे, वळवून त्यांचे शंकू करायचे, एकापुढे एक वेल्ड करायचे. कारागिराच्या हाताखालून जाताना हे साधं पत्र्याचं काम दिसतं. प्रत्यक्षात तो आवाजाच्या लाटेचं वेळापत्रक कापत असतो.

अशा टू-स्ट्रोक इंजिनाला धूर सोडायला झडप नसते. पिस्टन खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात, एकातून जळका धूर बाहेर पडतो, दुसऱ्यांतून ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. दोन्ही एकाच वेळी उघडी असल्यामुळे ताज्या मालातला काही भाग धुराबरोबरच बाहेर सटकतो. ते निव्वळ नुकसान. पण धूर सुटतो तेव्हा दाबाची एक लाट पाइपातून धावत जाते. पाइप जिथे रुंदावत जातो, तिथून ओढणारी लाट मागे परतते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते, ताजा माल आत यायला मदत करते. पुढे पाइप पुन्हा निमुळता होतो, तिथून ढकलणारी लाट उलटते. ती नेमक्या क्षणी भोकापाशी पोहोचली, तर बाहेर सटकलेला ताजा माल परत सिलिंडरमध्ये कोंबते, आणि त्याच क्षणी पिस्टन वर येऊन भोक बंद करतो. झडप नसलेल्या इंजिनाला आवाजानं झडप पुरवली!

वेळ किती मिळते ते पाहा. इंजिन ८,००० फेऱ्यांवर असेल तर एक फेरा होतो साडेसात मिलिसेकंदांत. धुराचं भोक उघडं असतं त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पावणेचार मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते, तेव्हा एवढ्या वेळात तिचं जाऊन-येऊन अंतर झालं जवळपास १.९ मीटर. म्हणून परतवणारा शंकू हवा सुमारे ९४ सेंटिमीटरवर. पाइप थोडा आखूड केला की हाच मेळ आणखी वरच्या फेऱ्यांवर बसतो, लांब केला की खालच्या. झोक्याला धक्का कधी द्यायचा हे जसं झोका ठरवतो, देणारा नाही, तसंच हे. त्यामुळे चेंबर लावलेली आरएक्स खाली मरगळलेली असते आणि ठरावीक फेऱ्यांना पोहोचली की एकदम उसळते. त्या उसळीसाठीच तर सगळा खटाटोप.

ही विद्या परिपूर्ण केली ती पूर्व जर्मनीतल्या वाल्टर काडेन यांनी. युद्धकाळात ते जर्मनीच्या क्षेपणास्त्रांच्या कामावर होते. पुढे त्सोपाऊच्या एमझेड कारखान्यात पैशांची आणि साहित्याची चणचण असताना ऑसिलोस्कोप लावून ते पाइपातल्या लाटा न्याहाळत बसले. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनानं २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे २००. बाहेरून हवा न कोंबता तोवर कुठल्याही इंजिनानं हा आकडा गाठला नव्हता. त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचा मुख्य चालक एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. डोक्यात काडेनची सारी विद्या होती. १९६२ मध्ये सुझुकीवर त्यानं ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद मिळवलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलंच. आपल्या रस्त्यांवर फिरलेल्या जपानी टू-स्ट्रोक ज्या विद्येवर धावल्या, तिचा एक मोठा धागा असा सीमेपलीकडून पळून आलेला आहे.

आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना झडपा आहेत, इंधन किती सोडायचं हे संगणक ठरवतो, आणि सायलेन्सरच्या आत प्रदूषण रोखणारा कन्व्हर्टर असतो. तो काढून पोकळ नळी लावली की बहुतेक वेळा मिळतो तो फक्त आवाज. शंभर-दोनशे सीसीच्या गाडीत ताकदीचा फरक इतका किरकोळ असतो की मोजायला डायनो नावाचं यंत्र लागतं, आवाजाचा फरक मात्र आख्ख्या गल्लीला मोजता येतो. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कायद्यानं ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचं गणितही सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजातली ऊर्जा दहापट झाली. आपल्याकडच्या शहरांत पोलिस असे सायलेन्सर रांगेत मांडून वरून रोडरोलर फिरवतात, ते उगाच नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. निर्मात्यानं ठरवून दिलेल्या रचनेत परस्पर बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही त्याच वर्षी जानेवारीत सांगितलं आहे.

मग कायद्यात बसणारं, फुकटातलं आणि तरी गाडी पालटून टाकणारं काही उरतं का? उरतं, आणि ते कंपनीनंच देऊन ठेवलेलं असतं. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर खाचांची एक रिंग असते. ती फिरवायचा आकड्यासारखा पाना अनेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये न वापरता पडून असतो. पुष्कळांना वाटतं, रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. स्प्रिंग तीच, एक मिलिमीटर दाबायला लागणारं वजनही तेच. बदलते ती फक्त आपण बसल्यावर गाडी किती उंचीवर थांबते ती पातळी.

कारखान्यातून गाडी निघते ती मध्यम वजनाचा कुणी एक माणूस गृहीत धरून. नव्वद किलोचा माणूस बसला की मागचा भाग गृहीत धरल्यापेक्षा समजा १५ मिलिमीटर जास्त दबतो. मागचं खाली गेलं म्हणजे नाक वर आलं, कोन ०.६ अंशानं वाढला, ट्रेल तीन-चार मिलिमीटरनं वाढला. हा माणूस मग गाडी वळत नाही म्हणून रडतो, टायरला शिव्या देतो, रुंद टायर टाकतो. रुंद टायरवर तेच वळण घ्यायला गाडी आणखी झोपवावी लागते, म्हणजे दुखणं पोटाला आणि औषध पायाला. दोष होता रिंगेच्या दोन खाचांचा.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी येत्या रविवारी एक मित्र, एक टेप आणि स्केचपेन एवढं जमवा. मागचं चाक अधांतरी लोंबेल अशी गाडी उचला, एक्सलपासून सरळ वर शेपटीवर खूण करा आणि अंतर लिहून घ्या. मग हेल्मेट-जॅकेटसकट नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर घ्या, पुढून कुणाला तरी गाडी धरायला सांगा आणि तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. दोहोंतला फरक रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला ३० ते ३५ मिलिमीटर असावा. ४० च्या पुढे गेला तर रिंग एक खाच आवळा, २५ च्या खाली आला तर एक खाच सैल करा, आणि पुन्हा मोजा. रिंग आधी कितव्या खाचेवर होती, ते मात्र हात लावण्यापूर्वी लिहून ठेवा.