विक्रीला कधीच न आलेले खेळणे : ‘बोबा फेट’च्या संग्रहामागील अर्थकारण

अमेरिकेतील डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्स या संस्थेने २०२४ साली आयोजित केलेल्या लिलावात अवघी पावणेचार इंच उंचीची एक प्लॅस्टिकची बाहुली ५ लाख २५ हजार डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या विनिमय दरानुसार ही रक्कम चार कोटी रुपयांहून अधिक होते. ‘स्टार वॉर्स’ या विज्ञानपटमालिकेतील बोबा फेट या पात्राची ही बाहुली असून ती कारखान्यात चाचणीसाठी तयार करण्यात आलेला नमुना आहे. हे खेळणे दुकानात कधीही विक्रीस आले नाही. ते मुलांच्या हाती पडू नये, असा निर्णय कंपनीने घेतला आणि त्या निर्णयामुळेच आज त्याला एवढे मोल आले आहे.

चित्रपटातील पात्रांच्या वस्तू जमविण्याचा छंद जगभर पसरलेला आहे. या छंदाचा बाजार कसा चालतो, जुन्या खेळण्याची किंमत कशावरून ठरते आणि संग्राहकाने कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेण्यासाठी बोबा फेटचे उदाहरण बोलके आहे.

चित्रपट आधी, खेळणी नंतर

जॉर्ज लुकास दिग्दर्शित ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. निर्मितीच्या काळात लुकास यांनी अधिक मानधनाचा आग्रह धरण्याऐवजी पुढील भागांचे आणि चित्रपटावर आधारित वस्तूंच्या विक्रीचे हक्क आपल्याकडे राखले. त्या काळी अशा हक्कांना चित्रपटसृष्टीत फारसे महत्त्व दिले जात नसे. पुढे हेच हक्क अफाट उत्पन्नाचे साधन ठरले.

खेळणी बनविण्याचा परवाना ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील केनर या कंपनीला मिळाला होता. चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद इतका अनपेक्षित होता की, १९७७ च्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार होणे शक्य नव्हते. तेव्हा कंपनीने खेळण्यांऐवजी एक पाकीट विक्रीस आणले. त्यात पुठ्ठ्याचे चित्रमय आसन आणि एक प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र टपालाने पाठविणाऱ्या मुलांना १९७८ च्या आरंभी पहिल्या चार बाहुल्या घरपोच मिळाल्या. रिकाम्या पाकिटाची विक्री म्हणून या योजनेची थट्टा झाली. परंतु मुलांनी वाट पाहिली. आज ते पाकीटही संग्राह्य वस्तू मानले जाते.

केनरने या बाहुल्यांची उंची पावणेचार इंच ठेवली. त्यामुळे त्यांच्यासाठी याने, तळ आणि इतर साधने वाजवी आकारात व परवडणाऱ्या दरात बनविता आली. पुढे अनेक उत्पादकांनी हाच आकार स्वीकारला.

चित्रपटापूर्वीच लोकप्रिय झालेले पात्र

बोबा फेट हा इनामाच्या रकमेसाठी माणसांचा माग काढणारा शिकारी. शिरस्त्राण, झिजलेले चिलखत आणि पाठीवर उड्डाणयंत्र असा त्याचा वेश. राल्फ मॅकक्वॉरी आणि जो जॉन्स्टन या कलाकारांनी त्याचे रूप साकारले. २४ सप्टेंबर १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन अँसेल्मो या गावच्या मिरवणुकीत हे पात्र प्रथम लोकांसमोर आले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी दूरचित्रवाणीवरील एका विशेष कार्यक्रमात ते व्यंगचित्रपटाच्या स्वरूपात दिसले. रुपेरी पडद्यावर मात्र ते १९८० सालच्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये अवतरले. या चित्रपटात त्याच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली आणि जेरेमी बुलॉक या अभिनेत्याचा चेहरा शिरस्त्राणाआडच राहिला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, या पात्राभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले.

नवा चित्रपट येईपर्यंत मुलांचे कुतूहल टिकवून ठेवण्यासाठी केनरने १९७९ साली एक योजना जाहीर केली. इतर बाहुल्यांच्या वेष्टनांवरील खरेदीचे चार पुरावे कापून पाठविणाऱ्यास बोबा फेटची बाहुली विनामूल्य मिळणार होती. बाहुलीच्या पाठीवरून स्प्रिंगच्या साहाय्याने छोटा अग्निबाण सुटेल, असे सुरुवातीच्या जाहिरातीत दाखविण्यात आले होते. मुलांच्या दृष्टीने हेच तिचे मुख्य आकर्षण होते.

एका दुर्घटनेचा परिणाम

याच सुमारास, १९७८-७९ च्या हिवाळ्यात, मॅटेल या दुसऱ्या कंपनीच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेवरील खेळण्यातून सुटलेला प्लॅस्टिकचा बाण घशात अडकून अमेरिकेत एका लहान मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर मॅटेलने बाण सुटणारी ती खेळणी बाजारातून परत मागविली. संपूर्ण खेळणी उद्योगाला या घटनेने हादरा बसला.

केनरने आपल्या बाहुलीची रचना आधीच बदलून पाहिली होती. पहिल्या नमुन्यांत अग्निबाण सोडण्याचा खटका बाहुलीच्या पाठीवरील इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराच्या खाचेतून सरकत असे. तो अनवधानाने सुटू नये म्हणून नंतरच्या नमुन्यांत खाचेला ‘जे’ अक्षरासारखे आणखी एक वळण देण्यात आले. तथापि दुर्घटनेनंतर कंपनीने ही कल्पनाच सोडून दिली. प्रत्यक्ष पाठविलेल्या बाहुल्यांमध्ये अग्निबाण पाठीवर कायमचा बसविलेला होता. सुरक्षिततेच्या कारणास्तव बाण सोडण्याची व्यवस्था काढून टाकण्यात आली आहे आणि ज्यांना ही बाहुली पसंत नसेल त्यांना दुसरी बदलून मिळेल, असा मजकूर असलेली चिठ्ठी सोबत जोडण्यात आली. दुकानांत आधीच पोहोचलेल्या वेष्टनांवरील बाणाच्या उल्लेखावर चिकटपट्टी लावण्यात आली. अशी चिकटपट्टी शाबूत असलेली वेष्टनेही संग्राहक आज हौसेने शोधतात.

बाण सोडणारी बाहुली आपल्याला टपालाने मिळाली होती, असे सांगणारे अनेक जण आजही भेटतात. परंतु अशी एकही बाहुली ग्राहकापर्यंत पोहोचल्याचा विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही. जाहिरातीत पाहिलेले दृश्य आणि प्रत्यक्ष हाती आलेली वस्तू यांची बालपणीच्या स्मृतीत सरमिसळ झाली असावी, असे जाणकार मानतात.

नमुने बाहेर कसे आले?

चाचणीसाठी बनविलेले काही नमुने कंपनीतील कर्मचाऱ्यांकडे राहिले आणि कालांतराने संग्राहकांच्या हाती आले. त्यांतील बहुतेक रंग न दिलेले, निळसर करड्या प्लॅस्टिकचे आहेत. हाताने रंगविलेले नमुने त्याहूनही विरळा असून २०२४ साली विकला गेलेला नमुना याच प्रकारातील होता. तत्पूर्वी नोव्हेंबर २०१९ मध्ये हेक्स या लिलावसंस्थेने असाच एक नमुना १ लाख ८५ हजार ८५० डॉलरला विकला होता.

दरम्यान, केनर कंपनी १९८७ मध्ये टोंका या समूहाकडे व १९९१ मध्ये हॅस्ब्रोकडे गेली आणि २००० साली तिचे सिनसिनाटीतील कार्यालय बंद झाले. लुकास यांची लुकासफिल्म ही संस्था डिस्नेने २०१२ साली सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. या व्यवहारात चित्रपटांइतकेच पात्रांवरील व्यापारी हक्कही मोलाचे होते.

किंमत कशावरून ठरते?

जुने म्हणजे मौल्यवान, हा समज बरोबर नाही. संग्राहकांच्या बाजारात चार गोष्टींना महत्त्व असते. वस्तू किती विरळ आहे, तिची स्थिती कशी आहे, तिचे सर्व सुटे भाग मूळचेच आहेत काय आणि ती कोणाकोणाच्या हातून आली याची खात्रीलायक माहिती उपलब्ध आहे काय, हे पाहिले जाते. सत्तरच्या दशकातील मुलांनी वेष्टन फाडून फेकले, बंदुका आणि झगे हरवले आणि बाहुल्या अंगणातल्या मातीत खेळविल्या. म्हणूनच न उघडलेले वेष्टन आज दुर्लभ झाले आहे.

जावा या छोट्या पात्राची बाहुली हे याचे आणखी एक उदाहरण आहे. १९७८ मध्ये तिला प्रथम व्हिनाइलचा झगा देण्यात आला होता. एवढ्या लहान बाहुलीला तेवढीच किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला ती सामान्य वाटेल, या विचाराने लवकरच तिला कापडी झगा देण्यात आला. परिणामी व्हिनाइलच्या झग्याची मोजकी बाहुली अनेक पटींनी महाग झाली.

याच्या नेमकी उलट स्थिती १९९९ नंतरच्या खेळण्यांची आहे. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘द फँटम मेनेस’च्या वेळी प्रचंड प्रमाणात खेळणी काढण्यात आली आणि पुढे किंमत वाढेल या आशेने असंख्य लोकांनी ती न उघडता जपून ठेवली. सर्वांनीच जपलेली वस्तू विरळ राहिली नाही. त्यांतील बहुतेकांच्या किमती गुंतवणूकदारांच्या अपेक्षेप्रमाणे वाढल्या नाहीत. निवृत्तीची पुंजी म्हणून खेळणी साठविणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवणे उचित ठरेल.

बनावट वस्तूंचा धोका

किंमत वाढली की नक्कलही वाढते. अग्निबाण सोडणाऱ्या बोबा फेटच्या हुबेहूब प्रतिकृती विकल्या जातात. दुसऱ्या बाहुलीचा झगा कापून तो जावाचा म्हणून खपविला जातो. हरवलेल्या बंदुकांच्या जागी नव्या साच्यातील बंदुका येतात. बंदूक पाण्यात तरंगते की बुडते, यांसारख्या प्रचलित कसोट्या निर्णायक नाहीत. अमेरिकेत वस्तू तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या आणि ती पारदर्शक पेटीत सीलबंद करणाऱ्या खासगी संस्था आहेत. मात्र पेटीवरील गुणांइतकेच विक्रेत्याची विश्वासार्हता आणि वस्तूचा पूर्वेतिहास तपासणे आवश्यक असते.

चोरीचाही धोका असतो. कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे स्टीव्ह सॅन्सवीट यांचा ‘रँचो ओबी-वान’ हा संग्रह असून ‘स्टार वॉर्स’विषयक सर्वांत मोठा संग्रह म्हणून त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली. या संग्रहातून शंभराहून अधिक वस्तू चोरीस गेल्याचे २०१७ साली जाहीर करण्यात आले. छायाचित्रांसह नोंदवही ठेवणे ही प्रत्येक संग्राहकाची पहिली गरज आहे, हा धडा त्यातून मिळतो.

भारतीय संग्राहकांसाठी

‘ॲक्शन फिगर’ हा शब्दप्रयोग हॅस्ब्रोने १९६४ साली ‘जी. आय. जो’ या सैनिकाच्या खेळण्यासाठी रूढ केला. बाहुली म्हटले तर मुलगे ती घेणार नाहीत, अशी कंपनीला शंका होती. याच कंपनीशी सहकार्य करून एमआरएफने स्थापन केलेल्या फनस्कूलने गोव्यातील कारखान्यात खेळण्यांचे उत्पादन सुरू केले. फनस्कूलने भारतात काढलेल्या ‘जी. आय. जो’च्या बाहुल्यांची रंगसंगती अमेरिकी बाहुल्यांहून अनेकदा निराळी असे. त्यामुळे परदेशी संग्राहक आज त्या मुद्दाम शोधतात. माळ्यावरील जुना खोका रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहणे म्हणूनच योग्य ठरेल.

परदेशातून खेळणी मागविणाऱ्यांनी सीमाशुल्काचा हिशेब आधीच करावा. भारतात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले होते. आपल्याकडील दमट हवेत पुठ्ठा वाकतो, डिंक सुटतो आणि कागदाला कसर लागते. उन्हामुळे पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडते. खिडकीपासून दूर, कोरड्या आणि बंद कपाटात वस्तू ठेवल्यास हे नुकसान बरेच टाळता येते.

सुरक्षितता सर्वप्रथम

लहान मुलांच्या घशात अडकू शकतील अशा सुट्या भागांविषयीचा नियम अमेरिकेत १ जानेवारी १९८० पासून अमलात आला. तो तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. त्यासाठी सव्वा इंच व्यासाची एक छोटी नळी मोजमाप म्हणून वापरली जाते. तिच्यात पूर्णपणे मावणारा भाग असुरक्षित मानला जातो. भारतात खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्यात आले.

हे नियम येण्यापूर्वी बनलेली जुनी खेळणी, तसेच अग्निबाण सोडणाऱ्या नव्या प्रतिकृती अशा चाचणीतून गेलेल्या असतीलच असे नाही. १९७९ मध्ये जो धोका टाळण्यासाठी केनरने आपले सर्वांत आकर्षक खेळणे रद्द केले, तोच धोका या प्रतिकृतींत स्प्रिंगसह परत आलेला आहे. त्यामुळे घरात लहान मूल असल्यास संग्रहाच्या कपाटाला कुलूप असावे आणि सुटे भाग त्याच्या हाती लागणार नाहीत याची दक्षता घ्यावी.