जीर्ण कासातील सहवासी जंतू : एकाचा दुसऱ्यावर होणारा प्रभाव

वर्षानुवर्षे खोकणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्वी कधीतरी त्याला क्षयरोग होऊन गेलेला असतो. औषधोपचार पूर्ण केल्याचा कागद त्याने जपून ठेवलेला असतो. तरीही सकाळी भरपूर कफ पडल्यावाचून त्याला मोकळे वाटत नाही. वर्षातून दोन-तीन वेळा ताप येतो, कफ हिरवट होतो, त्यास दुर्गंधी येते आणि क्वचित रक्ताची रेघही दिसते. अशा वेळी तो जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जातो आणि मागच्याच गोळ्या आणतो. पहिल्या खेपेस पाच दिवसांत गुण आलेला असतो, दुसऱ्या खेपेस दहा दिवस लागतात, तिसऱ्या खेपेस गुण येतच नाही. मग तो आपल्यासमोर बसून विचारतो, "वैद्यराज, जंतू तोच, गोळी तीच, मग आता उतार का पडत नाही?"

या प्रश्नाचे 'जंतू औषधाला सरावले' हे नेहमीचे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. रुग्णाच्या फुप्फुसात तो जंतू एकटा नसतो. त्याच्या शेजारी इतर जंतू नांदत असतात आणि शेजाऱ्यामुळे त्याचे वागणे व औषधाला मिळणारा त्याचा प्रतिसाद बदलतो. गेल्या काही दशकांत या विषयावर झालेल्या संशोधनाचा परिचय वैद्यवर्गास व औषधविक्रेत्यांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आपल्याकडील स्थिती

श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचून राहण्याच्या विकारास ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. भारतातील ३१ केंद्रांतील २१९५ रुग्णांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विकाराचे सर्वांत मोठे कारण पूर्वी झालेला क्षयरोग हे आढळले; त्याचे प्रमाण ३५.५ टक्के होते. कफात सर्वाधिक सापडलेला जंतू स्युडोमोनास एरुजिनोसा हा होता आणि तो १३.७ टक्के रुग्णांत मिळाला. म्हणजे क्षयाचे जंतू नष्ट झाल्यावरही त्यांनी केलेली मोडतोड शिल्लक राहते आणि त्या पडक्या जागेत दुसरे जंतू मुक्काम करतात. चरकसंहितेत पाच कास सांगताना क्षतज व क्षयज हे दोन स्वतंत्र मानले आहेत. जखम आणि झीज यांमागून येणारा खोकला निराळा असतो, हे रुग्णाकडे पाहून केलेले निरीक्षण आजही उपयोगी आहे. जंतूंचे ज्ञान मात्र अलीकडचे आहे आणि ते त्याच्या जागी स्वतंत्रपणेच समजून घ्यावे, असे आम्हास वाटते.

जंतूंच्या सहवासाविषयीची पुष्कळशी माहिती सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांकडून मिळाली. या रोगात श्वासमार्गातील कफ अतिशय चिकट होतो व आयुष्यभर जंतुसंसर्ग जडून राहतो. युरोप-अमेरिकेत या रुग्णांच्या कफाची तपासणी लहानपणापासून नियमित होत आली. त्यातून असा क्रम दिसला की, बालपणी स्टॅफिलोकॉकस ऑरियस अधिक सापडतो आणि वय वाढते तसतसा स्युडोमोनास त्याची जागा घेतो. मात्र अनेक रुग्णांत हे दोघे एकत्रही राहतात, आणि आपला प्रश्न येथूनच सुरू होतो.

वैरातून मिळालेले संरक्षण

स्युडोमोनास हा स्टॅफिलोकॉकसचा वैरी आहे. तो काही द्रव्ये बाहेर सोडतो, त्यांपैकी एक स्टॅफिलोकॉकसची श्वसनसाखळी अडवते. ब्रिटिश संशोधक लाइटबाऊन यांना १९५४ मध्येच असे दिसले होते की, स्युडोमोनासपासून मिळणारे एक द्रव्य स्ट्रेप्टोमायसिनच्या कार्यास विरोध करते. त्यामागील कारण मोठे मार्मिक आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन या गटातील औषधांना जंतूच्या आत शिरण्यासाठी त्याच्या श्वसनातून निर्माण होणाऱ्या विद्युत्‌दाबाची गरज असते. श्वसन मंदावले की तो दाब उतरतो आणि औषध दारातच राहते. वैऱ्याने गळा आवळला, पण त्यामुळेच औषधाचा घाव चुकला, असा हा प्रकार आहे.

२००६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील ल्यूकास हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या धाग्याचा पुढे मागोवा घेतला. स्युडोमोनासच्या सहवासात दीर्घकाळ वाढलेल्या स्टॅफिलोकॉकसमधून मंद वाढणाऱ्या जंतूंची निवड होते, असे त्यांनी दाखवले. हे जंतू कल्चरच्या बशीत टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती करतात आणि त्या दिसण्यास दोन-तीन दिवस लागतात. बशी दुसऱ्याच दिवशी पाहून टाकून दिली, तर अहवालात त्यांचा उल्लेखही येत नाही. रुग्णाच्या फुप्फुसात मात्र ते असतात आणि टोब्रामायसिनच्या गटातील औषधे त्यांना सहसा लागू पडत नाहीत.

वैराचे आणखी एक अंग लोहाशी निगडित आहे. शरीर जंतूंना लोह सहजासहजी मिळू देत नाही. स्युडोमोनास स्टॅफिलोकॉकसला फोडून त्याच्यातील लोह वापरतो, असे २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगात आढळले. तेथे शेजारी हेच अन्न ठरले.

कालांतराने होणारा समझोता

हे वैर कायम टिकत नाही. स्युडोमोनास वर्षानुवर्षे एकाच फुप्फुसात राहिला की स्वतः बदलतो. तो अल्जिनेट नावाचे बुळबुळीत आवरण भरपूर तयार करू लागतो. परस्परांची संख्या ओळखण्यासाठी जंतू जे रासायनिक संकेत वापरतात, त्या यंत्रणेतील महत्त्वाचे जनुकही तो अनेकदा गमावतो. मारक द्रव्यांची निर्मिती याच संकेतांवर अवलंबून असल्यामुळे जुना स्युडोमोनास पूर्वीइतका आक्रमक राहत नाही. नव्याने शिरलेला स्युडोमोनास स्टॅफिलोकॉकसला मारतो, तर मुरलेला त्याला शेजारी राहू देतो, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे.

या वस्तीत इतर रहिवासीही असतात. एरवी निरुपद्रवी मानले जाणारे तोंडातील व घशातील जंतू स्युडोमोनासच्या मारक गुणांना चेतवू शकतात, असे २००३ मधील एका अभ्यासात दिसले. प्रेव्होटेला या प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूचे काही प्रकार पेनिसिलिनच्या गटातील औषधे मोडणारे विकर तयार करतात. औषध कफातच मोडले गेले, तर त्याचा लाभ विकर न बनवणाऱ्या शेजाऱ्यासही मिळतो. अशा वेळी संवेदनक्षमतेच्या अहवालात 'औषध लागू' असे लिहिलेले असूनही रुग्णास गुण येत नाही, कारण प्रयोगशाळेने जंतू एकटा तपासलेला असतो.

परिणाम नेहमी एकाच दिशेने होतो, असेही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्युडोमोनासच्या एका द्रव्याने स्टॅफिलोकॉकसची औषधे सोसण्याची शक्ती वाढवली, तर त्याच्याच एका विकराने व्हँकोमायसिनचा मारा अधिक प्रभावी केला. कोणत्या रुग्णातील स्युडोमोनास काय व किती बनवतो, यावर निष्पत्ती ठरते. म्हणूनच शेजाऱ्याच्या पूर्वीच्या चिठ्ठीवर आपला उपचार ठरवू नये, हे रुग्णास पटवून द्यावे लागते.

एकास हटविल्यास काय होते?

हा विचार व्यवहारात किती महत्त्वाचा आहे, याचे एक उदाहरण देतो. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या अमेरिकेतील तान्ह्या व लहान मुलांना स्टॅफिलोकॉकस होऊ नये म्हणून सेफॅलेक्सिन दीर्घकाळ देऊन पाहण्यात आले. या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या मुलांत स्टॅफिलोकॉकस खरोखरच कमी झाला, परंतु स्युडोमोनास अधिक आढळला, आणि प्रकृतीत ठळक लाभ दिसला नाही. हेतू चांगला होता, औषधानेही आपले काम केले. पण मोकळी झालेली जागा अधिक त्रासदायक पाहुण्याच्या वाट्यास आली. या प्रश्नावर देशोदेशीचे तज्ज्ञ आजही एकमत नाहीत. तथापि 'एक जंतू कमी झाला म्हणजे रोग कमी झाला' हे समीकरण निर्धोक नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

लसणाचा धडा

आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळा वाटेल अशी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. जंतूंना न मारता त्यांच्यातील रासायनिक संकेत रोखता येतील काय, याचा शोध डेन्मार्कमधील संशोधकांनी घेतला. लसणाच्या अर्काने स्युडोमोनासचे संकेत रोखले जातात आणि उंदरांच्या फुप्फुसांतून जंतू लवकर निघून जातात, असे २००५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. पुढे लसणातील अजोईन हे द्रव्य या कार्यास कारणीभूत असल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना आठ आठवडे लसणाच्या कॅप्सूल देऊन छोटी तुलनात्मक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१० मध्ये आला : लसूण आणि निष्क्रिय कॅप्सूल यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. लसूण आपल्या ग्रंथांत मान्यता पावलेले द्रव्य आहे आणि अशा बातमीचा पूर्वार्ध सांगण्याचा मोह आपल्या व्यवसायात मोठा असतो. बशीतील व उंदरातील यशावरून रुग्णाचे प्रतिजैविक थांबवणे हा त्याच्याशी केलेला अन्याय होईल. चाचणी लहान होती, मात्रेचा प्रश्नही मोकळा आहे, परंतु पुरावा जेवढा आहे तेवढाच सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

आपल्या हाती काय आहे?

वरील विवेचनातून काही गोष्टी सहज निघतात. जीर्ण खोकल्याचा जुना क्षयरुग्ण पुन्हा ताप घेऊन आला, तर प्रथम क्षयाची तपासणी करून घ्यावी. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य होते. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी काम करतात, त्यामुळे ती आधी दिल्यास निदान लांबू शकते. कफाचा नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी, सकाळी, चूळ भरून व खोलवरून खाकरून घ्यावा आणि प्रयोगशाळेत लवकर पोहोचवावा. चिठ्ठीवर 'जुना ब्राँकिएक्टॅसिस' असे स्पष्ट लिहावे व यापूर्वी सापडलेल्या जंतूंची नावेही द्यावीत, म्हणजे बशी अधिक काळ ठेवावी हे तेथील तज्ज्ञास कळते.

कफाच्या रंगावरून जंतू ओळखू नये. हिरवेपणा मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींतील विकरामुळे येतो. तो दाह दाखवतो, जंतूचे नाव सांगत नाही.

साचलेला कफ ही या सर्व जंतूंची सामाईक वस्ती आहे. ती रिकामी करण्याचा लाभ कोणा एका जंतूच्या नावावर अवलंबून नसतो. श्वसनाचे व्यायाम, योग्य स्थितीत झोपवून कफ काढणे, पुरेसे पाणी व पोषण यांसाठी आपण रुग्णास जो वेळ देतो, तो वाया जात नाही. खोकल्यातून रक्त अधिक पडू लागले, दम वाढला किंवा वजन झपाट्याने उतरले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णास फुप्फुसतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींना आमची एक विनंती आहे. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या शेड्यूल एच-१ मध्ये अनेक प्रतिजैविकांचा समावेश आहे. त्यांची विक्री चिठ्ठीवरच करणे व वेगळ्या नोंदवहीत तिची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. जुनी चिठ्ठी पुढे करणाऱ्या रुग्णाला परत पाठवताना गिऱ्हाईक दुखावते, हे आम्ही जाणतो. परंतु ती चिठ्ठी ज्या फुप्फुसासाठी लिहिली गेली, ते आज तसे राहिलेले नसते. त्यातील रहिवासी बदललेले असतात आणि त्यांचे एकमेकांशी असलेले संबंधही.

आरंभीच्या रुग्णास आता आपण उत्तर देऊ शकतो : "बाबा, गोळी तीच असली, तरी जंतू तोच आहे असे नाही. शिवाय तो एकटाही नाही. आधी कफ तपासू, मग औषध ठरवू."