दोन तारांचं विमान

मुलं विमान बनवताहेत म्हटलं की आपल्याला खेळणंच आठवतं. पण माझी पुतणी घरी जे विमान बांधतेय, त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगले पाच फूट आहेत! कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेल्यापासून हे वेड लागलंय. भावजी कुरकुरले, "मुलीच्या जातीला कशाला हवेत हे उद्योग? पंख्यात बोट गेलं तर?" काळजी खोटी नव्हती. म्हणून मीच तिच्याजवळ बसून सगळं समजून घेतलं.

या 'कंट्रोल लाइन' विमानाला रिमोट नसतो. मैदानाच्या मधोमध उभं राहून, हातातल्या मुठीला जोडलेल्या दोन बारीक पोलादी तारांवर ते गोल गोल उडवायचं. सांगाडा बाल्सा या हलक्या लाकडाचा. पोटात 'बेलक्रँक' नावाची छोटी फिरती पट्टी. मुठीची वरची तार ओढली की पट्टी फिरते, तिची काडी शेपटीची झडप उचलते आणि विमान वर चढतं.

"काकू, रंग शेवटी. आधी तारा," असं ती म्हणते ते उगाच नाही. पाऊणेदोन किलोचं विमान पासष्ट फुटी तारांवर पाच-सव्वापाच सेकंदांत एक फेरी मारतं, तेव्हा हाताला साधारण पाच किलोची ओढ बसते. तार सुटली तर ते कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. म्हणून उडवण्याआधी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा आणि जोड तपासतात. मूठ सरळ धरली की झडपही सरळ हवी. विमान नाकाकडे किंचित जड हवं. शेपटी जड झाली तर ते आवरत नाही. तारांचं वजन आतल्या बाजूला पडतं, म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं शिसं घालतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असं वेड शिरलं तर नाही म्हणू नका, चार गोष्टी मात्र विचारा. मैदानाजवळून विजेच्या तारा जातात का? हा सगळ्यात मोठा धोका, कारण पोलादी तारेतून वीज थेट हातात येते. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी उड्डाण बंद. मुठीचा पट्टा मनगटात आहे ना? बघणारी पोरं फेऱ्याच्या बाहेर लांब उभी आहेत ना? आणि इंधन कुठे ठेवलंय? त्यात एरंडेल असतं खरं, पण मेथेनॉलही असतं; ते विषारी आणि पटकन पेटणारं. स्वयंपाकघरात त्याला जागा नाही.

पुतणीने ही यादी वडिलांच्या हातात ठेवली. आता तारा ओढून बघायला भावजीच पुढे असतात. मुलीला अडवण्यापेक्षा तिच्यासोबत तपासणी करणं केव्हाही बरं, नाही का?